आउटबोर्डची सेल्फ मोटर: नवी आणण्याआधी जुनी उघडा

किल्ली फिरवली की नुसता 'टक' आवाज येतो, किंवा तोही येत नाही. दोरीने ओढले तर होडीच्या मागे लावलेले आउटबोर्ड इंजिन नेहमीसारखे सुरू होते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच निकाल मिळतो: सेल्फ गेला, नवा टाका. पण अशी मोटर उघडून पाहिली की आत सापडते ते झिजलेला कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारा ब्रश), मीठ आणि काजळीने अडकलेली कार्बनची खोबण, काळा पडलेला कम्युटेटर (कार्बन ज्यावर टेकतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग), कोरडा पडलेला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कांस्याची नळी) किंवा सुटलेले चुंबक. हे सगळे दुरुस्त होते. खरोखर टाकून द्यावी लागेल अशी अवस्था म्हणजे आर्मेचरची (आत फिरणाऱ्या भागाची) गुंडाळी आतून जळणे, चुंबकाचा चुरा होणे किंवा गंजाने मोटरीच्या बाहेरच्या खोळीला भोके पडणे. त्यातली कोणती अवस्था आहे हे मोटर उघडल्याशिवाय कळत नाही.

पुढची माहिती उभ्या बसवलेल्या, कायम चुंबकाच्या मोटरीसाठी आहे. हिच्या वरच्या टोकाला पिनियन (छोटे दातेरी चाक) असते आणि मोटर फिरताच ते मळसूत्रावरून उसळून फ्लायव्हीलच्या रिंग गियरला भिडते. लहान आणि मध्यम आउटबोर्डवर हीच रचना जास्त दिसते. मोठ्या फोर-स्ट्रोकवर अंगावरच सोलेनॉइड (किल्लीच्या इशाऱ्यावर मोटरीला करंट जोडणारा स्विच) असलेली गियरवाली मोटर असते. तिचे पिनियन वेगळ्या पद्धतीने सरकते, पण कार्बन, कम्युटेटर आणि बुशचे काम तिथेही असेच करायचे.

दोष मोटरीतच आहे का?

हा भाग टाळून थेट पाना हातात घेतला तर अनेकदा चांगली मोटर उघडली जाते. आधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढून प्लगच्या वायरी इंजिनाला अर्थ करा. त्या मोकळ्या लोंबकळत ठेवल्या तर सीडीआय युनिटला (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) इजा होऊ शकते. गियर न्यूट्रलला ठेवा आणि पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा. जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत काही करू नका.

बॅटरी तासभर विश्रांतीत असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. निम्म्या बॅटरीवर केलेली कोणतीही चाचणी फसवते. म्हणून आधी ती चार्ज करा.

मग दुसऱ्या कोणाला तरी किल्ली दोन-तीन सेकंद फिरवायला सांगा आणि मल्टिमीटरने पुढची मोजमापे घ्या. इंजिन कोरडे असेल तर यापेक्षा जास्त वेळ फिरवू नका, कारण क्रँकबरोबर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलरही फिरत असतो.

पहिले माप बॅटरीच्या दोन खुंटांवर. क्रँक करताना ते साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. दुसरे माप बॅटरीच्या धन खुंटापासून मोटरीच्या स्टडपर्यंत (जिथे केबल जोडतात तो बोल्ट). मीटरचे एक टोक खुंटावर, दुसरे स्टडवर. क्लॅम्पवर टोक टेकवू नका, कारण बिघाड बहुधा क्लॅम्प आणि खुंट यांच्या मध्येच असतो. क्रँक करताना इथे ०.५ व्होल्टपेक्षा कमी दिसले पाहिजे. तिसरे माप मोटरीच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खुंटापर्यंत, तिथे ०.३ च्या आसपास किंवा कमी. याहून जास्त आकडा म्हणजे केबल, जोड किंवा सोलेनॉइडचा संपर्क वाटेत व्होल्ट खातो आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. केबलवरचा ड्रॉप, म्हणजे वाटेत खाल्ले जाणारे व्होल्ट, शून्य आला म्हणून केबल चांगली ठरत नाही. मोटर करंटच ओढत नसेल तर कुजलेल्या केबलवरही शून्यच दिसेल. म्हणून चौथे माप सर्वांत महत्त्वाचे: मोटरीचा स्टड आणि मोटरीचेच अंग यांच्यामध्ये. किल्ली फिरवल्यावर इथे १२ व्होल्टच्या आसपास येतात आणि मोटर ढिम्म असेल, तर मोटरीच्या आत वाट तुटली आहे. बहुतेकदा कार्बन कम्युटेटरला टेकत नसतो. स्टड ते बॅटरी ऋण १२ व्होल्ट, पण स्टड ते मोटरीचे अंग शून्य, असे आले तर मोटर निर्दोष आहे आणि अर्थिंग गेले आहे. दोन्हीकडे शून्य आले तर शोध सोलेनॉइड, फ्यूज, न्यूट्रल स्विच किंवा किल्लीकडे न्या.

मोटर फिरते पण जड, आणि बॅटरी ८ व्होल्टपर्यंत कोसळते, असे असेल तर मोटरीला दोष देण्याआधी सगळे प्लग काढा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाहा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर येईल. फिरवताना वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवल्यास इम्पेलरची पाती उलटी वळतात.

मोटरीला हलका ठोका दिला की ती चालू होते, हा अनुभव अनेकांना असतो. त्यातून निदान पक्के होते: कार्बन खोबणीत अडकला आहे किंवा संपत आला आहे. पण ठोका लाकडी मुठीचाच आणि हलका द्या. आतली चुंबके फेराइटची असतात. ती मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ असतात आणि लोखंडी हातोड्याने तडकतात. कार्बनच्या साध्या दुरुस्तीचे रूपांतर खोळ बदलण्यात होते ते असे.

मोटर काढणे

बॅटरीची ऋण केबल आधी काढा. स्टडवर दोन नट असतात. बाहेरचा नट केबल धरतो, आतला स्टडला मोटरीच्या झाकणाशी घट्ट ठेवतो. बाहेरचा सोडवताना आतला दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तो धरला नाही तर स्टड गरागरा फिरतो, आत त्याला जोडलेली कार्बनची वेणी (विणलेली तार) पिळून तुटते आणि इन्सुलेटर फुटतो.

बसवणीचे बोल्ट खाऱ्या पाण्यात बसलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाव फेरा सोडा, पुन्हा घट्ट करा, पुन्हा सोडा. जोर लावून एकाच दिशेने पिळलेला स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये तुटला, तर तो काढण्याचे काम सेल्फच्या दुरुस्तीपेक्षा मोठे होऊन बसते.

बाकावर मोटर पकडताना व्हाइसचा जबडा बसवणीच्या कानांवर लावा, गोल खोळीवर कधीच नाही. खोळ किंचित चेपली तरी चुंबक तडकते. मग जंपर केबलचे ऋण टोक अंगाला आणि शेवटी धन टोक स्टडला लावा, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. पिनियन झटक्यात वर येईल, बोटे आणि बाह्या लांब ठेवा. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर बिनभाराचा करंट पाहा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण आकड्याआधी लक्षण वाचता येते. करंट शून्य म्हणजे वाट तुटलेली. करंट कमी आणि वेगही कमी म्हणजे कार्बन-कम्युटेटरचा संपर्क खराब. करंट खूप आणि वेग कमी म्हणजे आर्मेचर कुठेतरी घासते आहे किंवा गुंडाळी शॉर्ट आहे.

पिनियन

मोटर जोरात फिरते, इंजिन मात्र हलत नाही, तेव्हा दोष बहुधा इथे असतो आणि मोटर उघडायचीही गरज पडत नाही. शाफ्टच्या टोकावरची टोपी खाली दाबा, तिच्याखालची क्लिप दिसेल. ती काढली की टोपी, स्प्रिंग आणि पिनियन क्रमाने निघतात. डोळ्यांवर चष्मा हवा, ही स्प्रिंग उडते.

मळसूत्र पेट्रोलने नव्हे तर डिग्रीसरने आणि नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ करा. पुसून पातळ तेलाचे एक-दोन थेंब लावा. ग्रीस लावू नका. ग्रीसमध्ये मीठ आणि फ्लायव्हीलखालची धूळ अडकते, थंडीत ते घट्ट होते आणि पिनियन उसळण्याऐवजी जागीच फिरते. पिनियनचे दात वरच्या कडेला थोडे गोलसर झालेले असणे ठीक. तुकडे उडाले असतील तर पिनियन बदला आणि रिंग गियरचे सगळे दात एक पूर्ण फेरा फिरवून तपासा. एका बाजूचे दात खराब ठेवून नवे पिनियन लावले तर तेही काही दिवसांत खाल्ले जाते.

उघडणे आणि धुणे

दोन्ही झाकणे आणि खोळ यांच्यावरून टोकदार सुईने एक सरळ रेघ ओढा. झाकण एका चुंबकाच्या अंतराने फिरून बसले तर मोटर उलटी फिरते. उलटी फिरणाऱ्या मोटरीचे पिनियन मळसूत्रावरून वर चढतच नाही, आणि मग चांगल्या जोडलेल्या मोटरीत भलताच दोष शोधत बसावे लागते. कधीकधी खोळ वरची खाली होऊनही हाच गोंधळ होतो, म्हणून रेघेच्या वरच्या टोकाला एक खूण वेगळी करा.

दोन लांब बोल्ट काढा. खोळ सरळ वर ओढा. चुंबके आर्मेचरला जोराने धरून ठेवतात, म्हणून शाफ्ट दुसऱ्या हाताने खाली दाबून ठेवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पातळ वॉशर असतात, कधी फायबरचे, कधी स्टीलचे. त्यांचा क्रम बघताक्षणी फोटोत टिपून ठेवा.

आत काय दिसते त्यावरून मोटर कशाने बंद पडली ते कळते. हिरवट थर आणि तपकिरी पाणथळ डाग म्हणजे खारे पाणी आत गेले. खोळीच्या आतल्या बाजूला डाखाचे चंदेरी शिंतोडे, गुंडाळीचा करपलेला वास म्हणजे कोणीतरी किल्ली फार वेळ धरून ठेवत होते आणि जोडाचा डाख वितळून उडाला. नुसती कोरडी काळी भुकटी म्हणजे साधी झीज, आणि ही सगळ्यात चांगली बातमी.

धुण्याच्या क्रमात चूक होते ती अशी: आत मीठ असताना लोक थेट कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. तेल आणि काजळी निघते, मीठ तसेच राहते. मीठ विरघळते ते पाण्यातच. म्हणून खारे पाणी गेलेली मोटर आधी कोमट गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, शेवटचे पाणी डिस्टिल्ड असेल तर उत्तम. मग ६० ते ७० अंशांच्या गरम हवेत तीन-चार तास पूर्ण वाळवा. त्यानंतर कोरड्या ब्रशने काजळी झाडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कार्ब्युरेटर क्लीनर आर्मेचरजवळ आणू नका, तो गुंडाळीवरचे वॉर्निश उतरवतो. बुशही सॉल्व्हंटमध्ये बुडवू नका, त्याच्या पोटातले तेल धुऊन जाते.

कार्बन

मोटर बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, म्हणून इथे घाई नको.

प्रत्येक कार्बनची लांबी व्हर्नियरने मोजा. मॅन्युअलमध्ये किमान लांबी दिलेली असते. ती हाताशी नसेल तर मूळ लांबीच्या निम्म्यावर आलेला कार्बन संपला असे धरा. कार्बन लहान झाला की स्प्रिंगचा दाब कमी होतो, संपर्कात ठिणगी पडते, ठिणगीने कम्युटेटर खरबरीत होतो आणि खरबरीत कम्युटेटर उरलेला कार्बन भराभर खातो. शेवटचे दोन मिलिमीटर म्हणून फार वेगाने जातात. एक कार्बन लांब आणि दुसरा आखूड दिसला तर लांब राहिलेल्याचे कौतुक न करता त्याचीच खोबण तपासा. तो खोबणीत अडकून काम टाळत होता.

कार्बन बोटाने दाबून सोडला की खोबणीत आपोआप खडखडीत पुढे यायला हवा. अडकत असेल तर बहुधा पितळी खोबण गंजून आतून फुगलेली असते. सपाट बारीक कानस किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर पातळ पट्टीला चिकटवून खोबण आतून साफ करा. कार्बनची वेणी खोबणीच्या कडेला टेकून त्याला अडवते आहे का, तेही पाहा. स्प्रिंग निळी पडली असेल तर ती तापून मेली आहे, बदला.

नवे कार्बन त्याच मॉडेलचे मिळाले तर प्रश्न नाही. मिळाले नाहीत तर १२ व्होल्टच्या सेल्फ मोटरीचेच थोडे मोठे कार्बन घेऊन सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतात. खोबणीत चारही बाजूंनी मिळून ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक ठेवा. हँड ड्रिल किंवा ग्राइंडरचा कार्बन मात्र बसवू नका. तो दिसायला तसाच काळा असला तरी जास्त व्होल्ट आणि कमी करंटसाठी बनलेला, जवळजवळ शुद्ध ग्रॅफाइटचा असतो. सेल्फच्या कार्बनमध्ये तांब्याचे प्रमाण मोठे असते, म्हणून तो किंचित तांबूस चमकतो. शंभर अँपिअरच्या वर करंट वाहून नेण्याची ताकद त्या तांब्यातून येते. ड्रिलचा कार्बन लावलेली मोटर बाकावर छान फिरते आणि इंजिनाला जोडली की दम टाकते.

वेणी झाळताना १०० वॉटचे किंवा त्याहून मोठे जाड टोकाचे आयर्न लागते. छोटे आयर्न जोड तापवेपर्यंत आसपासचे प्लास्टिक वितळवते. फ्लक्स राळेचा घ्या. ॲसिडचा फ्लक्स आत राहिला तर जोड वर्षभरात हिरवा होऊन सुटतो. जोडाच्या वर लगेच वेणीला चिमट्याने किंवा छोट्या सांडशीने धरून ठेवा. तसे न केल्यास डाख वेणीत वर चढतो, वेणी तारेसारखी ताठ होते आणि कार्बनला पुढे सरकू देत नाही. नवीन कार्बन टाकूनही महिन्याभरात तोच बिघाड परत येतो तो यामुळे.

नवा कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला बसवून घ्यावा लागतो. कम्युटेटरभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर खरबरीत बाजू बाहेर करून गुंडाळा, कार्बन स्प्रिंगच्या दाबाने त्यावर टेकू द्या आणि आर्मेचर फिरण्याच्या दिशेने फिरवत राहा. निम्म्याहून जास्त तोंडावर घासल्याची खूण दिसली की पुरे, उरलेले मोटर स्वतः करते. एमरी पेपर वापरू नका, त्याचे लोहयुक्त कण कार्बनमध्ये आणि पट्ट्यांच्या फटींत रुततात.

झाल्यावर मीटरने तपासा: धन कार्बन आणि झाकण यांच्यात काहीही वाट दिसता कामा नये. ऋण कार्बन आणि झाकण यांच्यात मीटर शून्याजवळ हवा.

कम्युटेटर आणि आर्मेचर

चांगला कम्युटेटर तपकिरी, चॉकलेटी छटेचा असतो. तो रंग घासून काढायची गरज नाही. काळा, खडबडीत किंवा हिरवा असेल तर आर्मेचर हळू फिरवत बारीक पॉलिश पेपरने साफ करा. खड्डे किंवा गोलाईत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लेथवर अगदी हलका कात घ्यावा. किमान व्यास मॅन्युअलमध्ये असतो, त्याखाली गेले की आर्मेचर बाद.

तांब्याच्या पट्ट्यांमधले अभ्रक तांब्याच्या पातळीच्या खाली असले पाहिजे. तांबे झिजते, अभ्रक झिजत नाही. दोन्ही एका पातळीवर आले की कार्बन अभ्रकावर उचलला जातो आणि प्रत्येक पट्टीवर ठिणगी उडते. हॅकसॉच्या पात्याचा तुकडा घ्या, त्याच्या दातांचा बाक ग्राइंडरवर घासून पाते फटीइतके पातळ करा आणि प्रत्येक फट ०.५ ते ०.८ मिमी खोल करा. फटीच्या दोन्ही कडांना अभ्रकाचा पातळ पापुद्रा राहू देऊ नका. शेवटी कडांवर उठलेली धार पेपरने काढून नायलॉन ब्रशने फटी झाडा. फटींत तांब्याचा कीस राहिला तर शॉर्ट तुम्हीच तयार केलेला असेल.

आता विजेची तपासणी. प्रत्येक पट्टी ते शाफ्ट: मीटरने अनंत रोध दाखवला पाहिजे. एकाही पट्टीवर वाट दिसली आणि धुऊन वाळवूनही गेली नाही, तर इन्सुलेशन फुटले आहे. शेजारशेजारच्या पट्ट्या: सगळीकडे शून्याच्या जवळ. पण साधा मीटर इतका कमी रोध वाचू शकत नाही, त्यामुळे 'सगळे शून्य' म्हणजे गुंडाळी चांगली असे होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला ग्राउलर, जो आर्मेचर गुंडाळणाऱ्यांकडे असतो. त्यात आर्मेचर ठेवून हॅकसॉचे पाते खाचांच्या समांतर धरून फिरवतात. ज्या खाचेवर पाते थरथरते तिथे गुंडाळी शॉर्ट. दुसरा उपाय घरी होतो. १२ व्होल्ट ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब बॅटरीच्या मालिकेत जोडा. त्यातून साधारण साडेचार अँपिअर वाहतात. ही दोन टोके शेजारच्या दोन पट्ट्यांवर टेकवा आणि त्याच पट्ट्यांवर, पण वेगळ्या ठिकाणी, मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवलेल्या मीटरची टोके टेकवा. आकडा लिहा, एक पट्टी पुढे सरका. पूर्ण फेऱ्यात आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखाद्या जागी खूप कमी म्हणजे तिथे शॉर्ट, खूप जास्त म्हणजे जोड सैल किंवा तार तुटलेली. मीटरची टोके करंटच्या टोकांवरच टेकवली तर संपर्काचा रोधही मोजला जातो आणि आकडे उड्या मारतात.

जास्त आकडा आलेल्या पट्टीच्या मागे, जिथे गुंडाळीची तार पट्टीत बसते, तिथे बहुधा जोड काळा किंवा भेगाळलेला दिसतो. तो झाळता येतो. साधा ६०-४० डाख १८३ अंशांनाच मऊ होऊ लागतो आणि याच कारणाने सुटलेला असू शकतो. म्हणून कथील-चांदीचा डाख वापरा, तो २२१ अंशांना वितळतो. जोड खरवडून तांबे चमकवा, राळेचा फ्लक्स, मोठे आयर्न, आणि डाख दोन पट्ट्यांच्या मध्ये उतरला नाही ना हे भिंगाने पाहा. शॉर्ट मात्र असा दुरुस्त होत नाही. तिथे आर्मेचर पुन्हा गुंडाळणे किंवा दुसरे घेणे एवढाच मार्ग आहे. पट्टी उचलली गेली असेल तरीही तेच.

खोळ आणि चुंबके

आर्मेचरच्या लोखंडी भागावर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर चुंबक आत आले आहे किंवा बुश गेला आहे. चुंबक आत येते ते त्याच्यामागच्या गंजामुळे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि चुंबकाला ढकलतो.

सैल चुंबक काढण्याआधी त्याची जागा, वरची कड आणि आतली बाजू पेन्सिलने आखून घ्या. कंपासची सुई जवळ नेऊन कोणते टोक ओढले जाते ते लिहा. शेजारचे चुंबक नेहमी विरुद्ध ध्रुवाचे असते. मागचा गंज चकचकीत लोखंड लागेपर्यंत खरवडा, अल्कोहोलने पुसा आणि दोन भागांचे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी पातळ थरात लावा. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी तापल्यावर मऊ पडते, ते इथे नको. थर जाड झाला तर चुंबक आर्मेचरला घासेल. चोवीस तास हलवू नका. दोन तुकडे झालेले चुंबक कडा नीट जुळत असतील तर असेच चिकटवता येते. तुकडे हरवले असतील किंवा कडेचा मोठा भाग उडाला असेल तर खोळ बदला.

बाहेरून गंज काढून इपॉक्सी प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात द्या. बसवणीच्या कानांच्या तोंडावर रंग चढवू नका, कारण मोटरीचे अर्थिंग तिथूनच जाते.

बुश

शाफ्ट बुशमध्ये बाजूला हलतो का पाहा. ०.२ मिमीच्या आसपास खेळ म्हणजे बदलायची वेळ आली. खालच्या झाकणातला बुश बहुधा एका बाजूने बंद असतो, मागून ठोकता येत नाही. त्याच्या भोकात काठोकाठ ग्रीस भरा आणि शाफ्टच्या मापाचा गुळगुळीत दांडा घालून हातोडीने ठोका. ग्रीसच्या दाबाने बुश वर येतो. दांडा सैल असेल तर ग्रीस बाजूने निसटते, म्हणून माप नेमके हवे.

नवा सच्छिद्र कांस्याचा बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तो कोरडा बसवला तर थोड्याच दिवसांत किंचाळू लागतो. आतून रीमर मारू नका, छिद्रे लिंपली जातात आणि तेल बाहेर येणे थांबते. शाफ्टच्या मापाच्या पायरीदार दांड्यावर चढवून दाबा, म्हणजे आतला व्यास बिघडत नाही.

जोडणी

जुन्या ओ-रिंग टाकून द्या, स्टडचा इन्सुलेटर आणि त्याचा रबरी वॉशरही शंका असेल तर बदला. सिलिकॉन लावायचे असेल तर न्यूट्रल प्रकारचे घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना ॲसिड सोडते आणि बंद मोटरीत ते तांब्याला खाते. झाकणाला निथळण्याचे छिद्र असेल तर ते बुजवू नका.

१ मिमी तारेचे यू आकाराचे तुकडे करून कार्बन मागे रोखून धरा, कम्युटेटर त्यांच्यामध्ये बसला की तारा ओढून घ्या. वॉशर फोटोप्रमाणे. खोळ चढवताना ती चुंबकाच्या ओढीने धाडकन खाली येते. आर्मेचर घट्ट धरा, बोटे कडेवर ठेवू नका. रेघा जुळवा. लांब बोल्ट साधारण ७ ते ८ न्यूटन-मीटर एवढेच आवळा आणि आवळताना मधूनमधून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. चुंबकांचे सौम्य टप्पे जाणवले पाहिजेत, खरखर नाही. शाफ्ट वरखाली किंचित हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर वॉशर चुकीच्या बाजूला गेला आहे.

पुन्हा बाकावर पाच सेकंदांची चाचणी. आवाज एकसारखा, पिनियन झटक्यात वर आणि करंट बंद केल्यावर लगेच खाली.

इंजिनावर

बसवणीची दोन्ही तोंडे धातू दिसेपर्यंत साफ करा, बोल्टांना मरीन ग्रीस लावा. केबल स्टडला लावताना आतला नट पुन्हा धरून ठेवा. डायइलेक्ट्रिक ग्रीस जोड आवळून झाल्यावर वरून लावा, मग रबरी टोपी.

पाणी आत गेले होते असे आढळले असेल तर ते कुठून आले हे शोधल्याशिवाय इंजिनावरचे टोपण लावू नका. टोपणाच्या कडेची रबरी पट्टी दबून सपाट झाली आहे का, वरून थर्मोस्टॅटच्या झाकणातून किंवा पाण्याच्या नळीतून थेंब पडतात का, ते इंजिन धुताना चालू ठेवून पाहा. मोटरीवर मिठाची पांढरी रेघ असेल तर ती वर ज्या जागेकडे जाते तिथेच गळती असते.

डाख उडालेला सापडला असेल तर इंजिन सुरू व्हायला इतका वेळ का घेत होते त्याकडे वळा: चोक, प्लग, जुने पेट्रोल. किल्ली एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त धरू नका आणि मधे दोन मिनिटे थांबा. सेल्फ मोटरीला थंड करणारा पंखा नसतो, तिची उष्णता फक्त वेळेने जाते.

शेवटी सुरुवातीची चारही मापे पुन्हा घ्या आणि तारखेसह टोपणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या हंगामात सेल्फ मंद वाटला की तेच आकडे पुन्हा मोजायचे. केबलवरचा ड्रॉप वाढला असेल तर जोड साफ करायचे, आणि केबल तशीच असून मोटर मंद असेल तर कार्बन मोजायचे.